दोनशे तेरा नंबरची चिठ्ठी

या सदरातले अनुभव मी बरीच वर्षं वाचतोय, आणि खरं सांगायचं तर हसण्यासाठीच वाचत आलोय. चकवा, हाकामारी, पाठमोरी बाई... आमच्या घरात अंगारे-धुपारे कधी चालले नाहीत. आजोबांनी छप्पन साली धम्म घेतला तेव्हाच देव्हारा काढून तिथे पुस्तकांची फळी ठोकली. मी स्वतः याद्या करणारा माणूस आहे. बाजाराची यादी, लग्नाची यादी, घरात कुठल्या डब्यात काय आहे त्याची यादी. यादीत बसत नाही ते माझ्यासाठी नसतंच. त्यामुळे खालचं सगळं लिहू की नको यात नऊ महिने गेले. शेवटी जसं घडलं तसं, क्रमाने लिहितो. काही ठरवायचं असेल तर तुम्ही ठरवा.

वय चोपन्न. राहतो कर्जतच्या अलीकडे एका गावात, नोकरी खालापूरला एका सरकारी कार्यालयात. गेली एकोणीस वर्षं एप्रिलमधल्या जयंतीला आमच्या विहारात रक्तदान शिबिर होतं, ते मी भरवतो. आणि माझ्याकडे एक वही असते. वहीत आसपासच्या गावांतले रक्तदाते – नाव, गट, फोन, शेवटचं रक्त कधी दिलं ती तारीख. रक्त दिलं की नावापुढे लाल टिक. कुणाला अडीअडचणीला रक्त लागलं की लोक मला फोन करतात, मी वही उघडतो. भागात मला ‘वहीवाले भाऊ’ म्हणतात.

त्याच वहीच्या मागच्या बाजूने दुसरी यादी आहे. नकार देणाऱ्यांची. नाव, आणि नकाराचं कारण त्यांच्याच शब्दांत. लोकांना ही गंमत वाटते, पण ती कामाची यादी आहे. कारण कळलं की माणूस पुढच्या वर्षी वळवता येतो. ‘लावणी तोंडावर आलीय, हातापायांत जीव कुठनं आनू.’ ‘बायको नाय म्हनते.’ ‘आमचं रगात तुमी मुंबईत विकाल.’ एकाने लिहायला लावलं होतं, ‘रक्त दिल्यावर बिस्किट देतात, क्वार्टर देत असतील तर बघू.’ तो पुढे चार वेळा आला, बिस्किटावरच. एका पोराला वाटायचं की गेलेलं रक्त परत भरतच नाही, टाकीसारखं तेवढं कमीच राहतं. त्याला मी डॉक्टरांसमोर बसवलं. आज त्याच्यापुढे नऊ टिका आहेत.

आता या मागच्या यादीतलं पहिलं नाव सांगतो. पेन्सिलीने लिहिलेलं, कारणाची जागा कोरी.

माझं.

एकोणीस वर्षांत मी एकदाही रक्त दिलं नव्हतं. कुणी विचारलं नाही, कारण कुणाच्या मनातच आलं नाही. शिबिराच्या दिवशी मी सकाळी सातपासून धावत असतो – खाटा, चादरी, केळी, नावं पुकारणं. धावणाऱ्या माणसाला कोण म्हणणार, तू आडवा हो म्हणून?

मी सहावीत असताना माझा थोरला भाऊ, प्रकाशदादा, शेजारच्या बाईसाठी रक्त देऊन आला. बाई वाचली. तीन आठवड्यांनी बांधावर गवत कापताना दादाला नाग चावला आणि तो गेला. रक्तदानाचा आणि नागाचा काही संबंध नाही, हे मला तेव्हाही कळत होतं. पण आई मरेपर्यंत एकच बोलत राहिली, “अंगात पुरतं रगात असतं तर इख भिनलं नसतं.” मी हजार लोकांना समजावलंय की हे असं नसतं. पण स्वतःच्या दंडाला पट्टा बांधायची वेळ आली की बोटं गार पडायची. तेवढंच कारण. ते मी वहीत लिहिलं नाही.

हे दोघींनाच माहीत होतं. माझी बायको संगीता, आणि ताराक्का.

ताराक्का आमच्याच वस्तीतली. डोक्यावर टोपली घेऊन सुकट, बोंबील विकायची. कर्जतजवळच्या कोंडाणे गावाकडच्या आणि त्याच्याही वरच्या वाड्यांमध्ये पायी फिरायची. पहिल्या शिबिराला रांगेत सर्वात पुढे तीच उभी होती. वजन एकेचाळीस किलो, हिमोग्लोबिन नऊ. डॉक्टरांनी परत पाठवलं. दुसऱ्या वर्षी परत आली, परत पाठवलं. तिसऱ्या वर्षी कुणीतरी मला सांगितलं की ती वजनकाट्यावर चढण्याआधी कमरेला दोन दगड बांधून आली होती. मी रागावलो. ती माझ्याकडे बघून शांतपणे म्हणाली,

“रगात नाय घेत तर माजे पाय घ्या.”

आणि खरंच, मी घेतले. त्या काळात वरच्या वाड्यांमध्ये फोन लागायचा नाही. मी कर्जतच्या एका प्रेसमधून चिठ्ठ्यांची पुस्तकं छापून घेतली. प्रत्येक चिठ्ठीवर क्रमांक, खाली रक्तदात्याचं नाव, गट, तारीख, कुठे यायचं, आणि निरोप नेणाऱ्याचं नाव. सर्वात खाली एक ओळ छापायची राहून गेली होती, म्हणून ती मी दर चिठ्ठीवर हाताने लिहायचो – ‘जेवून या. घाबरू नका.’ ताराक्का चिठ्ठी टोपलीत सुकटीखाली ठेवायची आणि माणसाच्या हातात नेऊन द्यायची. एकही चिठ्ठी चुकली नाही. फक्त सगळ्यांना वास यायचा. लोक म्हणत, भाऊंचं बोलावणं आधी नाकाला कळतं.

माझी मागची यादी तिने कधीतरी पाहिली असावी. तिला अक्षरं येत नव्हती, पण पहिल्या ओळीपुढे काही लिहिलेलं नाही हे तिला कळलं. नाव कुणाचं म्हणून तिने विचारलं, आणि मला खोटं बोलता आलं नाही.

“लोकास्नी लिवतोस घाबरू नका,” ती म्हणाली. “तुला कोन लिवनार रं?”

त्यानंतर दर भेटीत तिचा तोच टोमणा. चिठ्ठी घेताना हात पुढे करायची आणि म्हणायची, “ह्यात तुजं नाव नाय नव्हं आज? बरं. फुडच्या टायमाला.”

मागच्या वर्षी माघात ताराक्का तापाने गेली. मी खांदा दिला. वहीत ‘निरोप नेणारे’ असं एक पान आहे, त्यावर तिचं नाव तसंच राहिलं – मी नावं वर्षाअखेरीस एकदाच खोडतो. तसंही आता सगळीकडे व्हॉट्सअ‍ॅप पोचलंय. चिठ्ठ्यांचं शेवटचं पुस्तक मी घरी लोखंडी पेटीत टाकून दिलं. शेवटची वापरलेली चिठ्ठी २१२. त्यापुढे मला चिठ्ठी लागलीच नाही.

हे झालं आधीचं. आता तो दिवस.

त्याच वर्षीच्या भाद्रपदातली गोष्ट. सकाळी साडेनऊला फोन आला. सुरेश म्हणून एक जण, माथेरानच्या हॉटेलात कामाला. त्याची बायको वैशाली आदल्या दिवशी बाळंत झाली होती. मुलगी झाली, मुलगी बरी. पण वैशालीचा रक्तस्राव थांबेना म्हणून तिला पनवेलच्या एका दवाखान्यात हलवलं होतं. ऑपरेशन करावं लागणार होतं. गट ओ निगेटिव्ह. रक्तपेढीत एकच बाटली होती, डॉक्टर दुसरी हाताशी असल्याशिवाय पोट उघडायला तयार नव्हते. आणि रक्त दिल्यावर तपासणीला काही तास जातात, म्हणून माणूस दुपारी एकच्या आत पेढीत हवा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, ओ निगेटिव्हवाल्याचं रक्त कुणालाही चालतं, पण त्याला स्वतःला फक्त ओ निगेटिव्हच चालतं. शंभरांत एखाद-दुसराच सापडतो.

माझ्या वहीत चार होते. पहिल्याने पाच आठवड्यांपूर्वीच दिलं होतं, त्याला तीन महिने चालणार नाही. दुसरा सुरतेला कामाला गेलेला. तिसऱ्याला कावीळ होऊन गेलेली. चौथ्याचा फोन बंद. त्याच्या शेजाऱ्याला गाठलं, तर तो पहाटेच गावाला निघून गेलेला, सातारच्या बाजूला. मग मी बाहेरच्या ग्रुपांवर टाकलं, ओळखीच्या दोन पेढ्यांना फोन केले, बदलापूरच्या एका कार्यकर्त्याला उठवलं. अकरा वाजले. सुरेशचा तिसरा फोन आला. तो रडत नव्हता, तेच जास्त वाईट होतं. हळू आवाजात म्हणाला, “भाऊ, डॉक्टर इचारतात कोन येतंय. काय सांगू?”

मी म्हटलं, अर्धा तास दे.

मी कार्यालयाच्या व्हरांड्यात उभा होतो. आत टेबलाशी आलो तर सावंत मॅडमनी एक कागद पुढे केला. सावंत मॅडम चार महिन्यांपूर्वी अलिबागहून बदलून आलेल्या, आवकजावक बघतात. म्हणाल्या, एक म्हातारी देऊन गेली, वहीवाल्या भाऊंना द्या म्हणाली, थांबा म्हटलं तर थांबली नाही. आणि नाक मुरडून खिडकी उघडली. “सुकट विकत होती वाटतं. वास बघा किती राहिलाय.”

घडी केलेली पिवळट चिठ्ठी. वर छापील क्रमांक, २१३. खाली अक्षर माझं. ‘७’च्या शेपटीला मी उगाचच एक वेलांटी देतो, तीसुद्धा. तारीख त्याच दिवसाची. कुठे यायचं – पनवेलच्या त्याच रक्तपेढीचं नाव. निरोप नेणार – तारा. रक्तगट – ओ निगेटिव्ह. आणि रक्तदात्याचं नाव... माझं. पूर्ण, वडिलांच्या नावासकट.

सर्वात खाली, ‘जेवून या. घाबरू नका.’

मला पहिल्यांदा भीती नाही वाटली, राग आला. एखाद्या बाईचा जीव जातोय आणि कुणीतरी थट्टा करतंय. मी बाहेर रस्त्यापर्यंत गेलो. एसटी थांब्यावर पाहिलं, टोलनाक्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर पाहिलं. कुणी नव्हतं. संगीताला फोन केला. तू कुणाला काही बोललीस का? ती म्हणाली, काय बोलणार? मग मी तिला पेटी उघडायला लावली. पुस्तक तिथेच होतं. वरची चिठ्ठी किती नंबरची? दोनशे तेरा. लिहिलेली? नाही, कोरी. फाटलेली? नाही हो, चिकटलेली आहे, झालं काय?

मी फोन ठेवला.

चिठ्ठी खोटी आहे याचा माझ्याकडे पुरावा होता. माझा गट बी पॉझिटिव्ह. लायसन्सवर छापलंय तसं. मी पाकीट काढून लायसन्स बघितलंसुद्धा. आणि तिथेच उभ्या उभ्या मला आठवलं की तो गट कुणी तपासलाच नव्हता. तीस वर्षांपूर्वी लायसन्स काढताना एजंटने विचारलं, ब्लड ग्रुप? मी म्हटलं, माहीत नाही. तो म्हणाला, बी पॉझिटिव्ह टाकतो, सगळ्यांचं तेच टाकतो. रांगेतल्या आम्हा सातही जणांचं त्याने तेच टाकलं. एकोणीस वर्षं मी लोकांना सांगतोय, गट तपासून घ्या, अंदाजावर जाऊ नका. आणि माझा स्वतःचा गट एका एजंटच्या बॉलपेनातून आलेला.

बाजारात एक लॅब आहे. तिथल्या मुलीने बोटाला टोचलं, काचेवर तीन थेंब ठेवले. मी दुसरीकडे बघत होतो. तिने एकदा केलं, मग दुसऱ्यांदा केलं. मग म्हणाली, “काका, तुमच्या लायसन्सवर चुकलंय. ओ निगेटिव्ह आहे.”

पावणेबारा वाजले होते.

इथे मी स्वतःबद्दल काही मोठं सांगणार नाही. लॅबच्या पायरीवर मी बसलो आणि दोन मिनिटं उठलोच नाही. डोक्यात दादा होता, बांधावर पडलेला, आणि आईचं ते एक वाक्य. चिठ्ठी खिशात होती, वासासकट. ती कुठून आली याचा विचार करायला मला आयुष्य पडलं होतं. वैशालीकडे एक तास होता. मी मनात यादी केली. एक, जेवायचं. दोन, गाडी. तीन, सुरेशला फोन. यादी झाली की माझे पाय हलतात, हा माझा स्वभाव आहे.

डबा उघडून सावंत मॅडमच्या टेबलाशी उभ्यानेच भाकरी आणि वालाची उसळ खाल्ली. त्यांनी विचारलं, कुठे निघालात? म्हटलं, रक्त द्यायला. त्या म्हणाल्या, “तुमचं तर नेहमीचंच असेल.” मी डब्याचं झाकण लावलं. बाहेर पनवेलकडे जाणारा भाजीचा टेंपो उभा होता, त्याला हात केला. बसल्यावर सुरेशला सांगितलं, डॉक्टरांना सांग, माणूस निघालाय.

“कोन हाय, भाऊ?”

“मी.”

पेढीत फॉर्म भरायला दिला. त्यात एक प्रश्न असतो – याआधी रक्तदान केलं आहे का? कितीदा? हा फॉर्म मी शेकडो लोकांना भरून दिलाय. तिथे ‘नाही’ लिहिताना मला जी लाज वाटली ती कुणाला न वाटो. सिस्टर ओळखीच्या, आमच्या शिबिराला येणाऱ्या. फॉर्म बघून त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, आणि खाट दाखवली.

पट्टा बांधला, बोटं गार पडली. सिस्टर म्हणाल्या, मूठ आवळा, सोडा. तुम्हीच सांगता ना सगळ्यांना. मी छताकडे बघत मूठ आवळत राहिलो, सोडत राहिलो. सुई टोचताना मुंगी चावल्यासारखं वाटतं असं मी सांगत आलोय. खोटं आहे. मुंगीपेक्षा जास्त दुखतं. पण सात-आठ मिनिटांत संपलं, आणि मी मेलो नाही. बिस्किटं दिली. ती मी खाल्ली, आणि तो क्वार्टरवाला आठवून एकटाच हसलो.

संध्याकाळी पाच वाजता बाटली दवाखान्यात पोचली. वैशालीचं ऑपरेशन झालं. गर्भपिशवी काढावी लागली, पण बाई वाचली. बारा दिवसांनी ती घरी गेली. सुरेश पेढे घेऊन आला होता. त्याला चिठ्ठीचं मी काही सांगितलं नाही.

त्या संध्याकाळी घरी येऊन मी आधी पेटी उघडली. पुस्तकात २१३, कोरी, जागच्या जागी. तिच्या शेजारी खिशातली ठेवली. तोच कागद, तीच छपाई. संगीताने दोन्हींकडे पाहिलं आणि ती चहा टाकायला गेली.

त्यानंतर मी माझ्या पद्धतीने शोध घेतला. सावंत मॅडमना म्हातारीचं वर्णन विचारलं. बारीक, निळं लुगडं, टोपलीवर पत्र्याचं झाकण. अजून काही? त्या आठवून म्हणाल्या, “पायात दोन वेगळ्या चपला होत्या. एक काळी, एक चॉकलेटी.” ताराक्काची एक चपल तुटली की ती तेवढीच बदलायची. दोन्ही कशाला टाकू, म्हणायची. सावंत मॅडमनी ताराक्काला कधी पाहिलेलं नाही, आणि मी त्यांना तिच्याबद्दल कधी बोललो नव्हतो. कार्यालयाच्या दारावर कॅमेरा आहे, पण तो आधीच्या दिवाळीपासूनच बंद होता, तेव्हा ते तिथेच संपलं. प्रेसवाल्याकडे गेलो. तो म्हणाला, नंबरचं मशिन कधीकधी अडकतं, एकच आकडा दोनदा पडू शकतो. ठीक, म्हणजे २१३च्या दोन चिठ्ठ्या असू शकतात. ही एक नोंद जुळली. गटाबद्दलही एक विचार केला. दादाला त्या शेजारणीसाठी बोलावलं होतं ते त्याचा गट जुळला म्हणून. लहानपणी घरात कधी ‘ओ निगेटिव्ह’ हा शब्द माझ्या कानावर पडला असेल, मनात राहिला असेल. तीही नोंद अर्धी जुळली असं धरू.

पण तारीख? रक्तपेढीचं नाव? वैशाली त्या पेढीजवळच्या दवाखान्यात आहे हे मला सकाळी साडेनऊला कळलं, आणि तेव्हापासून मी फोन सोडून कशालाही हात लावला नव्हता. अक्षर माझं आहे, ते मी नाकारत नाही. कधी लिहिलं, ते मला माहीत नाही. या रकान्यापुढे माझ्याकडे लिहायला काही नाही, आणि आता तो कोराच राहू दे असं मी ठरवलंय.

मागच्या यादीतलं पहिलं नाव मी खोडरबराने पुसलं. त्याआधी कारणाच्या जागेत दोन शब्द लिहिले – ‘भीती वाटते’ – आणि मग ओळ पुसली. वर्षाअखेरीस जी नावं खोडायची होती ती खोडली. निरोप नेणाऱ्यांच्या पानावरचं ताराक्काचं नाव मात्र खोडलं नाही. ते चुकून राहिलेलं नाही.

यंदाच्या जयंतीला पहिल्या खाटेवर मी आडवा झालो. वस्तीतली माणसं बघत होती. एक म्हातारा मोठ्याने म्हणाला, “आयला, भाऊनं आजवर दिलंच नव्हतं व्हय?” सगळे हसले. त्या दिवशी मागच्या यादीतले अकरा जण पुढे आले, माझ्या आठवणीत एका दिवशी एवढे कधी आले नव्हते.

लायसन्सवर अजून बी पॉझिटिव्हच आहे, दुरुस्तीचा अर्ज दिलाय. दर तीन महिन्यांनी मी पेढीत जातो. जेवून जातो. घाबरतो अजून. पण जातो.